टूलचे वर्णन एजंटसाठी लिहिताना

इंदूरच्या देवास नाक्यावरील एखाद्या ट्रान्सपोर्ट कचेरीत संध्याकाळच्या गडबडीत व्यवस्थापक संगणकावर लिहितो, "नागपूरची गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत भरला आहे, ई-वे बिल दुरुस्त करून दे." ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढायचे जीएसटीचे कागदपत्र. असे वाक्य आता कारकुनाऐवजी एआय एजंटकडे, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पार पाडणाऱ्या प्रोग्रामकडे, जाऊ लागले आहे. समजा, त्या एजंटच्या हाताशी तीन टूल्स, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे छोटे प्रोग्राम, आहेत: एक ई-वे बिल तयार करणारे, दुसरे ते रद्द करणारे आणि तिसरे 'अपडेट_पार्ट_बी' नावाचे. येथे तिसरेच वापरायला हवे, कारण ई-वे बिलाच्या भाग-अ मध्ये मालाचा, इन्व्हॉइसचा आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचा तपशील असतो, गाडीचा क्रमांक भाग-ब मध्ये असतो, आणि वाटेत गाडी बदलली तर केवळ भाग-ब नव्याने भरायचा असतो. परंतु तिसऱ्या टूलचे वर्णन "भाग-ब अद्ययावत करते" एवढ्यावरच उरकलेले असेल, तर एजंट जुने बिल रद्द करून नवे काढण्याची वाट धरू शकतो. मॉडेलला जीएसटीची सर्वसाधारण माहिती असते, त्यामुळे कधी त्याचा अंदाज बरोबर निघेलही. पण ज्या कामात चूक झाली तर वैध बिलाविना रस्त्यावर असलेला माल जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली अडवला जाऊ शकतो, ते काम अंदाजावर सोडणे बरे नव्हे.

अशा चुकीचे खापर मॉडेलच्या बुद्धीवर फोडले जाते. माझ्या मते पुष्कळदा दोष टूलच्या वर्णनात असतो, आणि मॉडेल सुधारणे आपल्या हातात नसले तरी वर्णन सुधारणे नक्कीच असते. लोकमान्यनगरातून किंवा रामबागेतून सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्यांना हा विषय नवा नसेल. सियागंजातील व्यापाऱ्यांसाठी आणि लोहामंडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी दोन-चार जणांच्या चमूने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मात्र आपल्या सॉफ्टवेअरची ओळख एजंटला करून देण्याची वेळ आता येत आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एजंट टूल वापरतो म्हणजे काय करतो

भाषेचे मॉडेल स्वतः कोणताही प्रोग्राम चालवत नाही. ते मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते. वापरकर्त्याच्या वाक्याबरोबर त्याला उपलब्ध टूल्सची यादी दिली जाते, आणि यादीतील प्रत्येक नोंदीत टूलचे नाव, त्याचे शब्दांतील वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची हे सांगणारा आराखडा, म्हणजे स्कीमा, असतो. हे वाचून मॉडेल "अमुक टूल अमुक माहितीसह चालवा" अशी विनंती ठरलेल्या साच्यात लिहिते, मॉडेलभोवतीचा प्रोग्राम ती विनंती प्रत्यक्षात पार पाडतो, आलेले उत्तर पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलपुढे ठेवतो, आणि ते वाचून मॉडेल पुढचे पाऊल ठरवते. काम संपेपर्यंत हे चक्र फिरत राहते. या सगळ्या जोडणीला एजंट म्हणतात. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ही सोय 'फंक्शन कॉलिंग' या नावाने आपल्या एपीआयमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामांना मॉडेल वापरू देणाऱ्या जोडणीत, आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, हे खुले मानक जाहीर केले, आणि एकदा बांधलेले टूल निरनिराळ्या एजंटांना जोडण्याची सोय झाली. नाव, वर्णन आणि स्कीमा हे त्रिकूट मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

टूलच्या आतला कोड एजंटला सहसा दिसत नाही. त्याला दिसतात त्या एवढ्या ओळी. सुट्टीच्या दिवशी एकट्याने बुकिंग काउंटर सांभाळणाऱ्या नव्या कारकुनाला भिंतीवर चिकटवलेल्या सूचनांखेरीज विचारायला कोणी नसते, तशी ही अवस्था आहे. आपण प्रोग्रामरांसाठी जे डॉक्युमेंटेशन लिहितो त्यात पुष्कळ गोष्टी न लिहिताच चालून जातात, कारण वाचणारा माणूस दोनदा चाचणी करून पाहतो, कोड उघडतो, किंवा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारतो. त्या शेजारच्या टेबलावर जे सांगितले जाते तेच एजंटला सर्वाधिक हवे असते आणि तेच कोठे लिहिलेले नसते.

चांगल्या परंपरा यात आधीपासून आहेत, हेही सांगायला हवे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. तिच्यात प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान होते, आणि त्या पानावर आज्ञेचे नाव, ती लिहिण्याची पद्धत आणि वर्णन यांच्याबरोबर 'बग्ज' असाही एक मथळा असे, ज्याखाली ती आज्ञा कोठे अडखळते हे लिहिणारा स्वतःच कबूल करी. पुढे विक्रीच्या भाषेने हा मथळा कित्येक ठिकाणी गिळला. एजंटसाठी लिहिताना तो परत आणण्याची गरज आहे, असे मला वाटते.

वर्णनाचे मुख्य काम

पुष्कळ टूल्समधून एक निवडायला मदत करणे हे वर्णनाचे पहिले काम आहे, आणि म्हणून टूल काय करते याच्या जोडीने ते केव्हा वापरू नये हे लिहिणे अत्यावश्यक ठरते. बिल रद्द करणाऱ्या आपल्या टूलचेच उदाहरण घेऊ. "ई-वे बिल रद्द करते" हे त्याचे नेहमी दिसणारे वर्णन. त्यात खोटे काही नाही, पण टूलच्या नावातून जे कळतच होते तेच ते पुन्हा सांगते. त्याऐवजी असे लिहिता येईल:

"तयार झालेले ई-वे बिल कायमचे रद्द करते. माल पाठवायचाच नसेल, किंवा बिलातील मालाचा, रकमेचा अथवा जीएसटी क्रमांकाचा तपशील चुकला असेल, तेव्हाच वापरावे. केवळ गाडी बदलली असेल तर हे टूल वापरू नये. त्यासाठी 'वाहन_क्रमांक_बदला' वापरावे. बिल तयार झाल्यापासून २४ तासांच्या आतच ते रद्द होऊ शकते, आणि वाटेत अधिकाऱ्याने तपासलेले बिल त्या मुदतीतही रद्द होत नाही. रद्द केलेले बिल पुन्हा चालू करता येत नाही. बिलाचा १२ अंकी क्रमांक माहीत नसेल तर आधी 'ई-वे_बिल_शोधा' वापरून तो मिळवावा. अंदाजाने भरू नये."

या परिच्छेदात संगणकशास्त्र जवळजवळ नाहीच. आहे ती ट्रान्सपोर्टच्या धंद्याची माहिती. म्हणूनच असे वर्णन एकट्या प्रोग्रामरने लिहू नये, बुकिंगला बसणाऱ्या माणसाला शेजारी घेऊन लिहावे. 'अपडेट_पार्ट_बी' चे नाव 'वाहन_क्रमांक_बदला' असे केले हेही ध्यानात घ्यावे: पोर्टलची परिभाषा पोर्टलवर ठीक आहे, परंतु व्यवस्थापकाच्या तोंडी "गाडी बदलली" हे शब्द असतात आणि टूलचे नाव त्यांच्या जितके जवळ जाईल तितकी निवड सोपी होते. 'हँडल_बिल', 'प्रोसेस_डेटा' यांसारखी नावे तर एजंटच काय, वर्षभराने परत आलेल्या लेखकालाही उपयोगाची नसतात. एकाच नावाने तयार करणे, बदलणे आणि रद्द करणे ही तिन्ही कामे करणारे टूल बांधण्याचा मोहही टाळावा, कारण मग एका वर्णनात तीन प्रकारचे इशारे कोंबावे लागतात आणि कोणता कोणाला लागू आहे हे ओळखणे अवघड होते.

वर्णन किती लांब असावे, याचा हिशेब थोडा विचित्र आहे. टूल्सची वर्णने सामान्यतः प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलपुढे जातात, म्हणजे त्यातील प्रत्येक शब्दाचा खर्च पुन्हा पुन्हा पडतो, आणि मॉडेलला एका वेळी डोळ्यांपुढे ठेवता येणाऱ्या मजकुरालाही मर्यादा असते. वर दिलेले वर्णन मी तरीही कमी करणार नाही. कंपनीचा इतिहास, "वापरण्यास अत्यंत सोपे" यांसारखी विशेषणे आणि आतल्या डेटाबेसची रचना निःसंकोच गाळावी. पण 'केव्हा वापरू नये' हे वाक्य गाळून वाचवलेले पैसे पहिल्याच चुकलेल्या बिलात परत द्यावे लागतात.

मराठीत लिहावे की इंग्रजीत, असा प्रश्न येतोच. देवनागरी मजकुराचे मॉडेलच्या दृष्टीने तुकडे अधिक पडतात, त्यामुळे तोच आशय सहसा महाग पडतो, आणि टूल परक्या प्रोग्रामरांनाही वापरायचे असते. म्हणून वर्णनाचा सांगाडा इंग्रजीत ठेवायला माझी हरकत नाही. मात्र धंद्यातले शब्द जसे बोलले जातात तसे त्यात आलेच पाहिजेत. लॉरी रिसीटला आपल्याकडे कोणी एलआर म्हणते, कोणी बिल्टी म्हणते. भाडे 'टू पे' आहे, 'पेड' आहे की 'टीबीबी' आहे यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो. 'टू पे' म्हणजे माल सोडवून घेणाऱ्याने भाडे द्यायचे, 'पेड' म्हणजे पाठवणाऱ्याने आधीच भरलेले, आणि 'टीबीबी' म्हणजे नंतर बिलाने वसूल करायचे, ही एक ओळ वर्णनात असली की "बिल्टी टू पे ची कर" हे अर्धे मराठी, अर्धे हिंदी इंदुरी वाक्यही एजंटला पेलते.

आत जाणारी माहिती

स्कीमामध्ये प्रत्येक पॅरामीटरचा, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीच्या प्रत्येक घटकाचा, प्रकार लिहिलेला असतो: हा मजकूर, ही संख्या, हे हो-नाही. तेवढ्याने भागत नाही. 'तारीख: मजकूर' असे लिहिले तर ०५/०६/२०२५ ही ५ जून की ६ मे, हे कोण ठरवणार? तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिण्याचे आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून उपलब्ध आहे, पण सरकारी पोर्टल दिवस आधी मागत असेल तर आपल्या टूलने कोणता क्रम घ्यायचा हे एका उदाहरणासह लिहावे. रकमेचे तसेच आहे. भारतातील रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०००० लिहायचे. वर्णनात 'रक्कम: संख्या' एवढेच असेल तर एजंट शंभरपट कमी रक्कम मागेल आणि कोठेही एरर येणार नाही. पॅरामीटरचे नावच 'रक्कम_पैशांत' असे ठेवले की निम्मे काम झाले.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, मध्य प्रदेशाचे २३ आणि महाराष्ट्राचे २७. एवढे वर्णनात असले तर पुण्याच्या व्यापाऱ्यासाठी २३ ने सुरू होणारा क्रमांक आला तेव्हा एजंट थांबून विचारू शकतो. एकाच कंपनीची दोन राज्यांत वेगळी नोंदणी असते, त्यामुळे हा गोंधळ खरोखर संभवतो.

आपल्या भाषेपुरती एक अडचण विशेष आहे आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत ती मला फारशी दिसलेली नाही. आपला वापरकर्ता कधी देवनागरी अंक लिहितो, कधी इंग्रजी, आणि गाडीचा क्रमांक तर "एमपी ०९" असा बोलून लिहवतो. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत देवनागरी अंकांचा मजकूर संख्येत बदलायला सांगितला तर तो मुकाट्याने बदलला जातो. जावास्क्रिप्टमध्ये तेच केले तर 'ही संख्या नाही' असे उत्तर मिळते. म्हणजे एकाच कंपनीची दोन टूल्स दोन भाषांत लिहिलेली असतील तर एकच क्रमांक एकीकडे चालतो आणि दुसरीकडे अडतो. "गाडीचा क्रमांक रोमन मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत, मधे जागा किंवा रेघ न ठेवता द्यावा, वापरकर्त्याने देवनागरीत दिला असल्यास आधी रूपांतर करावे" हे वाक्य वर्णनात घालावे, आणि शक्य तर टूलनेच दोन्ही स्वीकारावे.

जेथे पर्याय मोजके आहेत तेथे मोकळा मजकूर न मागता पर्यायांची बंद यादी द्यावी, आणि यादीत अंक न देता अर्थ द्यावा. रद्द करण्याचे कारण '१, २, ३ किंवा ४' असे मागणारे टूल एजंटला नाणे उडवायला लावते. 'दुबार नोंद, ऑर्डर रद्द, नोंदीतील चूक, इतर' असे मागणारे टूल त्याला वाक्याचा अर्थ लावू देते. नमुन्यादाखल मूल्ये जरूर द्यावीत, फक्त ती खऱ्या क्रमांकासारखी देऊ नयेत, कारण माहिती अपुरी असेल तेव्हा नमुन्यातले मूल्य तसेच उचलून भरले जाण्याचा धोका असतो.

बाहेर येणारे उत्तर आणि एरर

टूलने काय परत द्यायचे याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. शोधणाऱ्या टूलने गेल्या वर्षभराची सगळी बिले एकदम ओतली तर मॉडेलच्या मर्यादेत ती मावणार नाहीत, किंवा मावली तरी हवे ते त्यात हरवेल. म्हणून एका वेळी किती नोंदी येतात आणि पुढच्या कशा मागायच्या हे लिहावे. रिकामी यादी आणि अपयश यांत फरक करणे त्याहून महत्त्वाचे आहे. पोर्टल बंद असताना टूलने रिकामी यादी परत दिली, तर एजंट पूर्ण विश्वासाने "त्या गाडीचे एकही बिल नाही" असे सांगेल.

एररचा मजकूर हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, किंबहुना तो नेमक्या गरजेच्या क्षणी वाचला जाणारा भाग आहे. 'एरर ४००' वाचून एजंट तीच विनंती थोड्या फेरफाराने पुन्हा करतो, मग पुन्हा करतो. त्याऐवजी "बिल तयार होऊन २४ तास उलटले आहेत, म्हणून ते रद्द होणार नाही; पुन्हा प्रयत्न करू नये, वापरकर्त्याला कळवावे" असे उत्तर आले तर तो तेथेच थांबतो. काय चुकले, पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे का, आणि नसेल तर पुढे काय करायचे, हे तिन्ही एररमध्येच यावे. मुदत संपलेल्या बिलाच्या बाबतीत हे फार उपयोगी पडते, कारण मुदत संपण्याआधीच्या आणि नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते. "मुदत संपली" एवढ्यावर थांबणारा एरर ती संधी घालवतो.

उत्तर आलेच नाही तर काय, हा यातला अवघड भाग. नवे बिल तयार करण्याची विनंती गेली, पोर्टलने बिल तयार केले, आणि उत्तर येताना जोडणी तुटली. एजंटच्या दृष्टीने काम झालेले नाही, म्हणून तो पुन्हा विनंती करतो. एकच विनंती दोनदा आली तरी परिणाम एकदाच व्हावा, अशी व्यवस्था टूलमध्येच करणे सर्वांत चांगले. ती नसेल तर "उत्तर न मिळाल्यास पुन्हा तयार करू नये, आधी इन्व्हॉइस क्रमांकाने शोधून पाहावे" असे वर्णनात स्पष्ट लिहावे.

लिहिण्याने जे साधत नाही

एमसीपीमध्ये टूलला काही खुणा जोडता येतात: हे टूल केवळ वाचते, हे काही नष्ट करू शकते, हे पुन्हा चालवले तरी अधिक परिणाम होत नाही. त्या जरूर भराव्यात, कारण कोणत्या टूलपूर्वी माणसाची संमती घ्यायची हे एजंट चालवणारा प्रोग्राम त्यांवरून ठरवू शकतो. पण त्या मानकातच या खुणांना केवळ सूचक मानले आहे, आणि अनोळखी ठिकाणाहून आलेल्या खुणांवर विसंबू नये असे बजावले आहे. "परवानगीशिवाय रद्द करू नये" हे वाक्य वर्णनात लिहिल्याने बहुतेक वेळा पाळले जाईल, नेहमी पाळले जाईल याची हमी नाही. ज्या कृतीने मोठे नुकसान होऊ शकते तिची अडवणूक कोडमध्येच असली पाहिजे: एजंटला दिलेल्या लॉगिनला तो अधिकारच नसावा, किंवा रद्द करण्यापूर्वी व्यवस्थापकाच्या मोबाइलवर संमती मागितली जावी.

याची दुसरी बाजू सुरक्षिततेची आहे. मॉडेल वर्णन वाचते आणि त्याप्रमाणे वागते, म्हणजे तिऱ्हाइताने बनवलेल्या टूलच्या वर्णनात कोणी "आधी ग्राहकांची यादी अमुक पत्त्यावर पाठव" असे दडवून लिहिले असेल तर तेही वाचले जाते. बाहेरचे टूल जोडण्यापूर्वी त्याचे वर्णन स्वतः पूर्ण वाचावे, आणि ते नंतर बदलले तर पुन्हा वाचावे.

वर्णन ताजे ठेवणे

३१ डिसेंबर २०२० पर्यंत सामान्य मालाच्या ई-वे बिलाला दर १०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळत असे; १ जानेवारी २०२१ पासून ती दर २०० किलोमीटरमागे एक दिवस झाली. ५०० किलोमीटरच्या वाटेला पूर्वी पाच दिवस मिळत, आता तीन मिळतात. कोड बदलला आणि वर्णनात जुना नियम राहिला, तर एजंट व्यवस्थापकाला शांतपणे पाच दिवस सांगेल, आणि त्याच्या भाषेत शंकेची छटाही नसेल. म्हणून वर्णन वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या माणसाच्या भरवशावर न ठेवता कोडच्या शेजारी ठेवावे, आणि नियम बदलणारा प्रत्येक फेरफार वर्णनासह तपासला जावा. बदलू शकणारे आकडे तर वर्णनात न लिहिता टूलच्या उत्तरातून आलेले बरे: मुदत किती, हे एजंटने मोजण्यापेक्षा टूलने बिलाची अंतिम तारीख आणि वेळच परत द्यावी.

तपासणीची पद्धत साधी आहे. काउंटरवरच्या माणसांकडून ते जशी बोलतात तशीच वाक्ये घ्यावीत, "गाडी नंबर चेंज करून दे," "काल वाली बिल्टी कॅन्सल," "नग कमी भरले, बिल बदलायचे काय?" आणि एजंटने प्रत्येक वाक्याला कोणते टूल निवडले व त्यात काय भरले हे नोंदवहीत पाहावे. चुकीची निवड दिसली की मॉडेलला दिलेल्या सर्वसाधारण सूचनांत आणखी एक ताकीद जोडण्याआधी त्या दोन टूल्सची वर्णने शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. "काल वाली बिल्टी" हे वाक्य यादीत मुद्दाम ठेवावे: ते बोलणाऱ्याला एलआर रद्द करायची आहे की तिच्यावरचे ई-वे बिल, हे त्या शब्दांतून कळतच नाही, आणि तेथे टूल न चालवता उलट प्रश्न विचारणारा एजंट या चाचणीत उत्तीर्ण धरावा.